पंख्यातला आवाज आणि दाराची कडी

पत्र: "मॅडम, माझं वय २३. गाव परभणी जिल्ह्यातलं. दोन वर्षं झाली, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतोय. खोलीत आम्ही चौघं आहोत. खोलीतून निघताना मी दाराची कडी चार वेळा हलवून बघतो. चारदा झालं नाही तर आईचं काहीतरी वाईट होईल असं मनात येतं. हा येडेपणा आहे हे कळतं, तरी अर्ध्या जिन्यातून परत वर येतो. मेसला सुट्टी असली की खोलीवर भाजी करतो. एकदा कांदा कापताना मनात आलं, ही सुरी मी शेजारच्या मित्राच्या पोटात घालीन. तेव्हापासून सुरीला हात लावत नाही. माझे चुलते पंधरा वर्षांपासून वसरीत बसून असतात, एकटेच बोलतात. घरच्यांनी देवाधर्माचं सगळं करून झालं. माझंही तसंच होणार अशी भीती वाटते. रोज रात्री पंखा बंद करून बघतो, आवाज ऐकू येतो का. मग मोबाईलवर लक्षणं वाचत बसतो, दोन वाजतात. आणि खरं सांगू का, तीन वेळा आवाज आला. गेल्या दोन महिन्यांत, जागा असताना, आजीच्या आवाजात माझं नाव. आजी वारून चार वर्षं झाली. अभ्यासिकेत मी बसलो की समोरच्या रांगेतले दोघं खोकतात, ते माझ्याबद्दल खूण करतात असं वाटतं. मग वाटतं, असं कसं असेल. हे कोणालाच सांगितलेलं नाही. मी येडा होतोय का, एवढंच सांगा. डॉक्टरकडे गेलो तर नोंद होईल आणि नोकरीला अडचण येईल म्हणून गेलो नाही. असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं, असंही कधी कधी वाटतं."

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. उत्तर शेवटच्या ओळीपासून सुरू करते. 'सुटलेलं बरं' हे तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. ओपीडीतही असंच होतं. माणूस खुर्चीवरून उठतो, दाराशी पोचतो आणि मग मागे वळून खरं काय ते बोलतो. म्हणून सरळ विचारते: मरणाचा विचार नुसता येऊन जातो, की कसं करायचं, कधी करायचं हेही मनात ठरायला लागलंय? ठरायला लागलं असेल तर पुढचं वाचत बसू नकोस. खोलीतल्या तिघांपैकी ज्याच्याशी तुझं जास्त जमतं त्याला हाक मार, "मला आज एकट्याला सोडू नको" एवढंच सांग, आणि रात्र असली तरी त्याला घेऊन ससूनच्या तातडीच्या विभागात जा. ते जमत नसेल तर १४४१६ लाव. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. विचार नुसता येऊन जात असेल तरी हा नंबर मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेव.

आता तुझा प्रश्न. "मी येडा होतोय का?"

पत्रावरून याचं हो किंवा नाही कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. पण समज, मी "नाही" म्हटलं. तू सुटकेचा श्वास टाकशील. तो किती वेळ टिकेल? मला वाटतं, आज रात्री दिवे मालवेपर्यंत. मग मनात येईल, मॅडमना मी सगळं नीट सांगितलं होतं का? त्यांनी घाईत तर उत्तर दिलं नसेल? आणि पंखा पुन्हा बंद होईल. असं होतं याचं कारण तुझ्या पत्राच्या निम्म्याहून जास्त भागात लिहिलेलं आहे.

आपल्याकडे त्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे, हल्ली सगळे ओसीडी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, भीती वाटते, ती भीती शमवायला माणूस एखादी गोष्ट करतो, जरा बरं वाटतं, आणि त्या जरा बरं वाटण्यामुळेच ती गोष्ट पुन्हा करावी लागते. कडी आणि आईचा जीव यांचा संबंध नाही हे तुला कळतं, तरी जिना चढावा लागतो. सुरीचंही तेच. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात असे नकोसे, घाणेरडे, भयंकर विचार येतात का? पाचांतले जवळजवळ चार जण हो म्हणाले. कुणाला गाडी पुलावरून खाली घालावी असं मनात येतं, कुणाला कडेवरचं बाळ फेकावं असं. विचार येतो आणि जातो. ओसीडी असलेल्या माणसाला तो आपल्या स्वभावाचा पुरावा वाटतो आणि तो घाबरून सुरी बाजूला ठेवतो. पत्रात तू लिहिलंस की तेव्हापासून तू सुरीला हात लावत नाहीस. ज्याला खरंच कुणाच्या पोटात सुरी घालायची असते त्याच्या हातून असं होत नाही.

आणि पंखा. तुला वाटतं, पंखा बंद करून ऐकणं म्हणजे आजाराची तपासणी. माझ्या मते तो कडीचाच भाऊ आहे. 'मला काकांसारखं होईल' हा नकोसा विचार, आणि पंखा बंद करणं, लक्षणं वाचणं हे चार वेळा कडी हलवणं. वेड लागण्याची भीती हा ओसीडीतला फार जुना विषय आहे, आणि ज्याच्या घरात कुणी आजारी आहे त्याच्या मनात तो घट्ट बसतो. शिवाय मे महिन्यात रात्री दीड वाजता, चार जणांच्या खोलीत, पंखा बंद करून श्वास रोखून कुणी स्वतःचं नाव ऐकायचा प्रयत्न करत असेल तर त्याला काहीतरी ऐकू येईलच. कान शांततेत शोधायला लागले की पाण्याच्या टाकीचा आवाज, खालच्या रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्याचं घोरणं यातून मेंदू ओळखीचं काहीतरी जुळवतो, आणि स्वतःच्या नावाइतकं ओळखीचं दुसरं काही नसतं. झोप कमी असली की हे आणखी सोपं होतं. गेलेल्या माणसाचा आवाज एखाद-दोनदा कानावर आल्यासारखं वाटणं हे तर दुःखात असलेल्या पुष्कळ निरोगी माणसांना होतं.

इथवर वाचून तुला हलकं वाटलं असेल. पण इथेच थांबले तर मी तुझ्याशी अर्धंच खरं बोलले असं होईल.

तुझ्या पत्रात दुसराही एक धागा आहे, आणि तो तू "खरं सांगू का" म्हणून वेगळा काढून लिहिलास. जागेपणी आलेली हाक. अभ्यासिकेतला खोकला. हे ओसीडीत सहसा बसत नाही. फरक कसा ओळखायचा ते सांगते. मंत्रचळातल्या माणसाच्या तोंडी 'कदाचित' असतं: कदाचित कडी लागली नसेल, कदाचित माझ्या हातून काही होईल. विचार आपलाच आहे हे त्याला माहीत असतं, आणि तो त्याच्याशी भांडत असतो. सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाशी धागा सुटतो त्या अवस्थेत, 'नक्की' येतं: ते नक्की माझ्याबद्दलच बोलतात, मला कळलंय. तिथे भांडण मनाशी नसतं, बाहेरच्या माणसांशी असतं. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा आहे. तिथला माणूस म्हणतो, ते खूण करतात असं वाटतं, मग वाटतं असं कसं असेल. हे तुझेच शब्द आहेत. 'असं कसं असेल' हे वाक्य फार मोलाचं आहे. ते अजून तुझ्याजवळ आहे म्हणून मी तुला घाई करते आहे.

या मधल्या पट्ट्याकडे नीट लक्ष द्यायला सुरुवात झाली ती १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. पॅट्रिक मॅकगॉरी, अ‍ॅलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार पुरता जडायच्या आधी येणाऱ्या मुलामुलींसाठी वेगळं क्लिनिक काढलं. तिथे तीन गोष्टी बघायचे. सौम्य स्वरूपातले भास किंवा संशय. खरे भास-भ्रम पण आठवड्याच्या आत आपोआप मावळलेले. किंवा अगदी जवळच्या नात्यात, म्हणजे आई-वडील, सख्खी भावंडं यांच्यात सायकोसिस आणि त्याबरोबर अभ्यास, काम, लोकांत मिसळणं हे अलीकडे एकदम ढासळलेलं. तुझे चुलते या तिसऱ्या मापात बसत नाहीत, ते एक पायरी लांबचं नातं. आनुवंशिकतेचे जुने आकडे सांगतात की कुणालाही स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिस दीर्घकाळ राहतो तो आजार, होण्याची शक्यता शंभरात एक धरली तर पुतण्या-भाच्यांत ती शंभरात तीन-चारच्या आसपास जाते. म्हणजे शंभरातल्या शहाण्णव पुतण्यांना तो होत नाही. तू बसलासच तर पहिल्या मापात बसण्याची शक्यता आहे, आणि ते समोर बसून, तासभर बोलूनच ठरतं.

अशा क्लिनिकमध्ये 'धोक्याच्या पट्ट्यात' म्हणून नोंदल्या गेलेल्यांपैकी पुढच्या तीन वर्षांत साधारण चारांतला एक सायकोसिसपर्यंत जातो. तिघं जात नाहीत. जे जात नाहीत त्यांतल्या बऱ्याच जणांना चिंता, उदासी किंवा ओसीडीचा त्रास राहतो आणि त्यावर उपचार लागतात.

मग ओसीडी आणि सायकोसिस यांचं नातं काय? हा वाद दीडशे वर्षांचा आहे. १८७७ साली वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी मंत्रचळाचं नेमकं वर्णन केलं. 'विचार नको असतो, मनात येतो तरी परका वाटतो, आणि घालवता येत नाही' ही ओळख त्यांचीच. पुढे काहींना वाटलं, मंत्रचळ ही स्किझोफ्रेनियाची पहिली पायरी. काहींना उलट वाटलं, मंत्रचळ मन विस्कटू देत नाही, धरून ठेवतो. दोन्ही मतं टोकाची निघाली. डेन्मार्कमध्ये १९५५ ते २००६ या काळात जन्मलेल्या तीस लाखांहून जास्त लोकांच्या सरकारी नोंदींवर २०१४ साली एक अभ्यास आला. ओसीडीचं निदान आधी झालेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त दिसलं, हे खरं. पण त्याच अभ्यासात स्किझोफ्रेनिया झालेल्या १६,२३१ जणांपैकी आधी ओसीडीची नोंद असलेले फक्त ४४७ होते. दोन आजार शेजारी राहतात, कधी एकाच घरात राहतात. एकातून दुसरा निघतोच असं नाही. आणि धोक्याच्या पट्ट्यातल्या मुलांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्या बहुतेक अभ्यासांत, ज्यांना ओसीडीची लक्षणंही आहेत ते सायकोसिसकडे जास्त गेले असं ठामपणे दिसलेलं नाही. मात्र त्यांच्यात उदासी आणि मरणाचे विचार जास्त आढळले. म्हणूनच मी तुझ्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली.

हे आकडे एकदा वाच आणि सोड. रात्री पुन्हा उघडून त्यात स्वतःला शोधू नकोस. तेही कडी हलवणंच होईल.

आता ओपीडीत काय बोलायचं. माझ्या मते या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपली मराठीच इथे घोळ करते. आपण सहज म्हणतो, "मन सांगतं", "आतून आवाज येतो", "कोणीतरी म्हणतं कर". कवितेत ते छान वाटतं. गर्दीच्या ओपीडीत, बाहेर चाळीस माणसं ताटकळत असताना, "आतून आवाज येतो सुरी घाल म्हणून" असं तू म्हणालास तर डॉक्टरांच्या कानावर 'हुकूम देणारा आवाज' पडेल, आणि केसपेपरवर तसंच उतरेल. तुझ्या बाबतीत तो आवाज नव्हताच. तो विचार होता, तुझ्याच मनातला, तुझ्याच भाषेतला, नको असलेला. म्हणून असं बोल: "सुरीचा विचार मनात येतो, कानाने काही ऐकू येत नाही, मला तो नको असतो." आणि हाकेबद्दल वेगळं बोल: "नाव कानाने ऐकू आलं, बाहेरून आल्यासारखं, तीन वेळा, जागा होतो." कानाने की मनात, एवढा एक शब्द तुझं निदान इकडून तिकडे नेऊ शकतो.

उलटं केलंस, म्हणजे कडी आणि सुरी सांगितली पण हाक आणि खोकला लाजेने गिळला, तर ओसीडीचे उपचार नीट होतील पण दुसऱ्या धाग्यावर कुणाचं लक्ष राहणार नाही. मुलं नेमकं हेच करतात. कडीचं सांगायला लाज कमी वाटते.

दोन्ही धागे एकदम पाहणं किती गरजेचं असतं हे मी स्वतः चुकून शिकले. शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. तपशील थोडे बदलून सांगते. तिशीतला मुलगा, स्किझोफ्रेनिया, दोन औषधांनी गुण आला नाही म्हणून क्लोझापिन सुरू केलेलं. आवाज थांबले, घरात हसणं परत आलं. काही महिन्यांनी तो आला तेव्हा त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सोललेली, नखांच्या कडा फाटलेल्या. दिवसभर नळाखाली हात. मला वाटलं, आजार उलटतोय. वरिष्ठांना तसंच सांगितलं आणि डोस वाढला. पुढच्या खेपेला हात आणखी वाईट. तेव्हा त्याच्या आईने पिशवीतून घरचं कॅलेंडर काढलं. दुधाचा रतीब लिहितात त्या चौकटींमध्ये तिने साबणाची वडी कधी काढली ते लिहून ठेवलं होतं. आधी एक वडी पंधरा दिवस पुरायची. क्लोझापिन सुरू झाल्यावर आठ दिवस. डोस वाढवल्यावर चार. ती म्हणाली, "मॅडम, गोळी वाढली की साबण संपतो." बाईला चौथीपुढचं शिक्षण नव्हतं. तिने जे पाहिलं होतं ते वैद्यकाला माहीत असलेलंच आहे: क्लोझापिनमुळे काही रुग्णांत मंत्रचळ नव्याने उभा राहतो किंवा असलेला वाढतो, आणि डोसबरोबर तो वाढू शकतो. मी आवाजाकडे एवढी बघत होते की हातांकडे बघायचं राहिलं. पुढे डोस हळूहळू खाली आणला, जोडीला दुसरं औषध दिलं, आणि साबण पुन्हा टिकायला लागला.

तुला क्लोझापिन कुणी देणार नाही, ते अगदी वेगळ्या परिस्थितीतलं औषध आहे. सांगितलं ते यासाठी की एका माणसात दोन गोष्टी एकदम असू शकतात, आणि एकीचं औषध दुसरीला लागू शकतं. जो डॉक्टर तुला बघेल त्याच्यासमोर दोन्ही असायला हव्यात.

त्यासाठी एक कागद घे आणि एकदाच लिही. डाव्या बाजूला मनात येणारे विचार आणि त्यामुळे कराव्या लागणाऱ्या गोष्टी. उजव्या बाजूला कानाने ऐकलेलं आणि लोकांबद्दल वाटलेलं, कधी, किती वेळा, तेव्हा झोप किती झाली होती. खाली झोपेच्या वेळा, मरणाचे विचार, काकांचा आजार. गांजा किंवा दुसरं काही कधी घेतलं असेल तर तेही, न लपवता. गांजाने सायकोसिसचा धोका वाढतो हे पक्कं आहे, आणि तुझ्यासारख्याने त्याच्या जवळ जाऊ नये. खोलीत कुणी ओढत असेल तर तिथून उठ. कागद घडी करून पाकिटात ठेव. साबणाच्या चौकटी त्या आईने भरल्या ते ठीक, तू रोजची वही सुरू करू नकोस. तुझ्या हातात वही म्हणजे आणखी एक कडी.

उपचार कसे असतील याचा अंदाज देते. ओसीडीसाठी दोन गोष्टी खात्रीच्या आहेत. एक, भीतीला सामोरं जाऊन कृती न करण्याचा सराव: कडी एकदाच लावायची, खाली उतरायचं, आणि छातीत धडधडत असताना वर न जाता तिथेच थांबायचं. धडधड आपोआप उतरते, हे शरीराला शिकवायचं. सुरीसाठीही तसाच, पायरी पायरीने. हा सराव मानसशास्त्रज्ञाबरोबर करायचा असतो, आणि तुझ्या बाबतीत तर हमखास, कारण दुसरा धागा किती ताणलेला आहे ते बघत बघत पुढे जावं लागेल. दुसरी, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन अशा जातीची औषधं. ती ओसीडीत उदासीपेक्षा जास्त डोसमध्ये लागतात आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नकोस. मात्र ती सुरू झाल्यावर अस्वस्थपणा एकदम वाढला किंवा झोपेची गरजच वाटेनाशी झाली तर लगेच कळव.

दुसऱ्या धाग्यासाठी आधी बोलण्यातून केलेले उपचार, झोप आणि नियमित भेटी. 'न जाणो' म्हणून सायकोसिसची औषधं या टप्प्यावर सगळ्यांना सुरू करावीत असं आजचं शास्त्र म्हणत नाही. लिहून दिलीच तर घाबरू नकोस आणि रागावू नकोस, कशासाठी हे विचार. ओसीडीत नुसत्या पहिल्या औषधाने भागलं नाही तर यांतली काही औषधं कमी डोसमध्ये जोड म्हणूनही देतात. नाव मोबाईलवर शोधलंस की 'स्किझोफ्रेनियासाठी' असं दिसेल आणि तुझी रात्र जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

नोंदीची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे तुझ्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा तुला हक्क आहे. ओपीडीतला केसपेपर आपोआप कुठल्या आयोगाकडे जात नाही. याच कायद्यात असंही आहे की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस असमर्थ ठरत नाही. राज्यघटनेचा अभ्यास करतोस, हा कायदाही एकदा मुळातून वाच. पुण्यात ससूनला मनोविकार विभागाची ओपीडी आहे, येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. दोन्हीकडे गरिबाला परवडेल असं आहे. येरवड्याचं नाव ऐकून दचकू नकोस. तिथे येणारी पुष्कळ माणसं गोळ्या घेऊन संध्याकाळच्या बसने घरी जातात.

पुढच्या आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जायचं, असं कधी? आवाज वाक्यं बोलायला लागला, काही करायला सांगायला लागला. अभ्यासिकेतल्या दोघांबद्दलचं 'असं कसं असेल' गळून पडलं आणि तुला जाब विचारायला उठावंसं वाटलं. मेसच्या जेवणात कुणी काही घातलंय असं वाटून ताट सरकवलं. दोन-तीन रात्री झोपच आली नाही. यातलं काही झालं तर ते तुला स्वतःला कदाचित पटणार नाही, म्हणून आत्ताच, डोकं ठिकाणावर असताना, खोलीतल्या त्या एका मित्राला हे चार वाक्यांत सांगून ठेव. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "मला झोपेचा आणि भीतीचा त्रास आहे, डॉक्टरकडे जाणार आहे, मी असं असं वागलो तर मला घेऊन चल." सुरीचा विचार त्याच मित्राबद्दल होता का, ते पत्रात नाही. असला तरी चालेल. तू त्याच्यासाठी धोका आहेस असं मला तुझ्या पत्रात कुठेही दिसलं नाही.

पंखा आजपासून चालूच राहू दे. आवाज दाबायला म्हणून नाही, उकडतं म्हणून. लक्षणं वाचणं रात्री अकरानंतर पूर्ण बंद, मोबाईल दुसऱ्याच्या कपाटात. तपासायची ओढ लागेल, पोटात गोळा येईल, तासभर तळमळशील. तरी पंखा चालू.

आणि एक, जे तू विचारलं नाहीस. तुझ्या सगळ्या पत्रात काका फक्त भीतीसारखे येतात. पंधरा वर्षं वसरीत बसलेल्या त्या माणसाला एकदा तरी मनोविकारतज्ज्ञाने पाहिलंय का? देवाधर्माचं झालं असं लिहिलंस, औषधाचं एक अक्षर नाही. इतकी वर्षं गेल्यावर उपचारांनी सगळं परत येईल असं म्हणणार नाही, पण झोप लागणं, अंघोळ करणं, पंगतीत बसून जेवणं, बोलणाऱ्या आवाजांनी जरा गप्प बसणं, हे उशिरा सुरू केलेल्या औषधानेही होताना मी पाहिलेलं आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम परभणीतही आहे. जिल्हा रुग्णालयात गेलास तर ओपीडीचा वार कळेल. दिवाळीला गावी जाशील तेव्हा वडिलांना किंवा आईला घेऊन एक खेप कर. काका आले नाहीत तरी तुम्ही जा आणि त्यांच्याबद्दल सांगा, पुढचं कसं करायचं ते तिथले लोक सांगतील. आणि जायच्या आदल्या दिवशी वसरीत त्यांच्याजवळ जरा वेळ बस. ते लहानपणी तुला कुठे कुठे न्यायचे ते आठवत असेल तर त्याबद्दल बोल.